वस्त्रगाळ कणीक

ताईबाईंनी पाण्याचा तांब्या हातात घेतला नाही, तेव्हाच मंजुळाबाईंनी ओळखलं की ईनबाई, म्हणजे धाकट्या सुनेची आई, भेटायला आलेल्या नाहीत.

लेकीच्या मांडीवर मूल येईपर्यंत तिच्या घरचं जेवायचं नाही, ही रीत दोन्हीकडे पाळली जात होती. लग्न झाल्यापासून ताईबाई जळगावहून यायच्या त्या स्वतःची शिदोरी बांधून, आणि धुळ्याच्या एस्टी स्टँडवर ती संपवून मगच व्याह्यांच्या दारात उभ्या राहायच्या. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. उलट दोन माणसांचं जेवण वाचतं, म्हणून मंजुळाबाईंना ती रीत मनातून आवडायची. पण पाणी? पाण्याला कुठली रीत आड येते? आणि काखेत ती मोठी कापडी पिशवी, रिकामी, नीट घडी घातलेली. भरली पिशवी घेऊन येतो तो पाहुणा. रिकामी घेऊन येतो तो काहीतरी न्यायला आलेला असतो.

"प्रमिला कुठंय?"

"असेल आतच. जाते कुठं? बसा तर खरं."

"बसत नाही. दोनची गाडी गाठायचीय. तिचे कपडे भरा. आम्ही तिला घेऊन चाललो."

मागं दारात झुलाल नाना एक चप्पल काढून आणि एक पायात ठेवून उभे होते. बायको बसली तर दुसरीही काढावी, निघाली तर पहिली चढवावी. उभा संसार त्यांनी असाच केला होता.

मंजुळाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "सहावा चालू आहे तिला."

"माहीत आहे."

"सहाव्यात कुणी लेक नेलेली ऐकलीय? पाचव्यात नेतात, सातव्यात नेतात. सम महिन्यात माहेरची माणसं पिशवी घेऊन आली, तर चाळीतली शेंबडी पोरंसुद्धा विचारतील, काय भांडण झालं म्हणून."

"विचारू द्या. पोरीच्या अंगात सात टक्के रक्त उरलंय. महिना सम की विषम ते तुम्ही मोजत बसा."

आता हा निरोप जळगावला कसा पोचला, ते सांगायला हवं. रुपचंदनं, म्हणजे मंजुळाबाईंच्या धाकट्या मुलानं, ओळखीच्या तोतारामला सांगितलं होतं की सासूबाईंना म्हणावं, डॉक्टरणीनं तपासलं, रक्त थोडं कमी आहे, सात टक्के, लाल गोळ्या सुरू केल्यात, काळजी करू नका. तोताराम माणूस चांगला. पण त्यातलं 'काळजी करू नका' बहुतेक पारोळ्यालाच उतरलं, आणि 'थोडं' एरंडोलला. जळगावला पोचलं ते एवढंच की रक्त सात टक्के, पोरगी पांढरीफटक पडलीय.

"सासरी काय खायला मिळतं, ते आता सगळ्या गल्लीला कळलं," ताईबाई म्हणाल्या. त्या जळगावला राहायला गेल्यापासून शहरातलं मराठी बोलायच्या, आणि रागात असल्या की जास्तच शुद्ध. "कापडगिरणी बंद पडली, घर तंगीत आहे, हे आम्ही समजून होतो. पण पोटुशी बाईला दोन घास कमी करून घर चालवायचं, हे नव्हतं समजलं."

मंजुळाबाई शुद्धच्या भानगडीत पडत नसत. "मी उपाशी मारस का तुमनी पोरले?" त्या अशा आवाजात म्हणाल्या की पलीकडच्या खोलीतला स्टोव्ह कुणीतरी बंद केला. ऐकायला बरं पडावं म्हणून. "बठ्ठं चांगलं तिनाच ताटमा जास! सगळं! विचारा! वच्छला! ये आठे!"

ताईबाईंचा 'दोन घास कमी' हा शब्द लागायला कारण होतं. गिरणीला टाळं लागलं त्या दिवसापासून या घरात खाण्याचा हिशेब मंजुळाबाईंनी बोटांवर ठेवला होता, आणि तो चोख होता. गहू महाग, म्हणून ज्वारी. नुसती ज्वारी पोराबाळांना पुरत नाही, म्हणून तिच्यात सालासकट उडीद आणि मीठ घालून दळून आणायचं ते कळण्याचं काळपट पीठ. भाजी बाजार उठता उठता घ्यायची, भाव उतरल्यावर. मेथी, पोकळा, अंबाडी. मुळा घेतला तर त्याचा पाला फुकट. तिळाची चटणी, दाण्याची चटणी, ताक. तेल बोटानं. घरात मोठे आबा, म्हणजे मंजुळाबाईंचे यजमान धनसिंग, त्यांचा पगार गेलेला. थोरला सुकदेव ट्रकवर, महिन्यातले अर्धे दिवस बाहेर. धाकटा रुपचंद कापडाच्या दुकानात. एवढ्यावर थोरली सून, तिची दोन पोरं, सगळी धडधाकट. गंमत अशी की गिरणी चालू होती, पाव-बटर येत होतं, तेव्हा थोरलीची पोरं सारखी आजारी असायची. गिरणी बंद पडली आणि पोरं सुधारली. पण या जमेकडे घरात कुणाचं लक्ष नव्हतं. मंजुळाबाईंचं तर मुळीच नाही. त्यांच्या लेखी ते सगळं लाजेचं खाणं होतं, दार लोटून खायचं.

आणि म्हणूनच धाकट्या सुनेला त्यातलं काही लागू दिलं नव्हतं.

वच्छला पदराला हात पुसत आली. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, ना आत, ना बाहेर. तिच्या हाताला अजून काळं पीठ होतं.

"सांग ईनबाईंना. प्रमिला काय जेवते या घरात?"

थोरल्या सुनेला या घरात साक्षीला बोलावण्याची ही पहिलीच वेळ. आजवर तिला हाक यायची ती पाणी भरायला, नाही तर पीठ दळून आणायला. वच्छलानं एकदा सासूकडं पाहिलं, एकदा विहिणीकडं. प्रमिला लग्न होऊन आली त्या महिन्यापासून ही साक्ष तिच्या पोटात तयार होती, फक्त विचारणारं कुणी नव्हतं. आता विचारलंच आहे, तर कमी-जास्त न करता सांगायची, असं तिनं ठरवलं.

"गव्हाची पोळी," ती म्हणाली. "आमच्यासारखी नाही. आत्याबाई कणीक आधी चाळणीनं चाळतात, मग धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करतात. मैदा झक मारेल अशी. वर जो कोंडा राहतो, तो माझ्या भाकरीच्या पिठात जातो."

"ऐकलं?" मंजुळाबाई म्हणाल्या.

"पोळीवर तूप-साखर. दुपारी कोलमचा भात, मऊ, पेज काढून. पेज मी पिते. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चहा-बिस्किट, संध्याकाळी चहा. पालेभाजी तिला देत नाहीत, पोट बिघडेल म्हणून. सालाची डाळ देत नाहीत, पचायला जड म्हणून. आम्हा सगळ्यांच्या भाकरीला जेवढं लागतं, त्याहून जास्त त्या एका ताटाला लागतं. माझ्या पोरांचं दूध त्यासाठी बंद झालं. मी बोलले नाही कधी." ती थांबली. "आज विचारलं, म्हणून बोलले."

मंजुळाबाईंना कळेना की आपली बाजू भक्कम झाली की ढिली. पहिला भाग त्यांना हवा तसाच होता. शेवटचा भाग त्यांनी मागितला नव्हता.

ताईबाई मात्र खाली बसल्या. चटईवर नाही, जमिनीवर, पिशवी मांडीवर ठेवून. त्या भांडणाची सगळी तयारी करून आल्या होत्या: उपाशी ठेवलं, शिळं वाढलं, काम करून घेतलं, जाऊ छळते, या सगळ्याला काय बोलायचं ते एस्टीत पाठ झालं होतं. पोरीला राणीसारखं खाऊ घातलं, या आरोपाला त्यांच्याकडं उत्तर नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच झुलाल नाना बोलले. दुसरी चप्पल त्यांनी कधी काढली, कुणी पाहिलं नव्हतं.

"पन हाई पोर ते कळनानी भाकरवरच मोठी व्हयेल शे," ते भाबडेपणानं म्हणाले. "शाळेत जाताना शिळी भाकर दुधात कुस्करून खायची. पोळी केली की रडायची, भूक लागते म्हणायची परत."

पलीकडच्या खोलीतलं कुणीतरी खोकलं.

"तुम्ही गप बठा ना!" ताईबाई म्हणाल्या. शुद्ध मराठी तेवढ्यात कुठं गेलं, त्यांनाही समजलं नाही.

"काय म्हणाले नाना?" मंजुळाबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज या घरात फक्त दोनदा ऐकलेला होता, एकदा गिरणी बंद झाली तेव्हा आणि एकदा सुकदेवच्या ट्रकला अपघात झाला तेव्हा. "कळण्याची भाकरी? जळगावला? ईनबाई, सुपारी फोडायच्या दिवशी भर बैठकीत तुम्ही काय सांगितलं होतं?"

ताईबाईंनी पिशवीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"मी सांगते. 'आमच्या घरात भाकरी होत नाही, पोरीला पोळीचीच सवय आहे, ते तेवढं बघा,' असं म्हणाला होतात. भावकीसमोर. माझे डोळे खाली गेले होते त्या दिवशी. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, आपण काळं खाऊ, पण पोरगी पोळी खाईल. कुणी म्हणायला नको की गिरणीवाल्यांनी भाकरीवर आणलं."

"बैठकीत सगळेच बोलतात," नाना म्हणाले. त्यांना आता स्वतःला थांबवता येत नव्हतं. "तुमच्याकडूनही गिरणी महिन्याभरात सुरू होईल असं आलं होतं की. आणि आज सकाळीच स्टँडवर आम्ही काय खाल्लं? भाकर अन् मिरचीचा ठेचाच ना?"

ताईबाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं, की परतीच्या गाडीत त्यांच्या शेजारी बसायला दुसऱ्या कुणाला शोधावं लागेल.

इतक्यात आबा आणि रुपचंद आले. शेजारच्या कुणीतरी दुकानात जाऊन 'तुमचे सासू-सासरे पिशवी घेऊन आलेत' एवढं सांगितलं होतं, ते पुरेसं होतं. आबा जेवायच्या वेळेला आले म्हणून आले. पण रुपचंदचा चेहरा असा होता की जणू पोलीस आले आहेत आणि चोरीचा माल त्याच्याच खिशात आहे.

आणि होताही. आठ दिवसांपूर्वी डॉक्टरणीनं त्याला समोर बसवून विचारलं होतं, घरी हिला काय देता? तो अभिमानानं सांगू लागला होता: पोळी, तूप-साखर, भात, टोस्ट. डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. 'आणि घरातल्या बाकीच्या बायका काय खातात?' 'त्या आपलं काय, भाकरी, पालेभाजी, डाळ,' तो ओशाळून म्हणाला होता, 'परिस्थिती जरा...' 'मग उद्यापासून हिलाही तेच द्या,' डॉक्टरीण म्हणाली होती, 'गोळ्या लिहून देते, त्या चुकवू नका. पण नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. आणि जेवणावर लगेच चहा नको.'

घरी येऊन त्यानं गोळ्या दिल्या. बाकीचं सांगितलं नाही. आईला काय सांगणार? तू धोतराच्या फडक्यातून जे गाळून टाकत होतीस, तेच पोरीला हवं होतं? त्यापेक्षा त्यानं एक किलो सफरचंदं आणली होती, उधारीनं.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" मंजुळाबाईंनी विचारलं. मुलाचा चेहरा त्यांना जन्मापासून वाचता येत होता. "खाण्याचं काय म्हणाली ती? खरं सांग."

"गोळ्या दिल्यात ना..."

"रुपचंद."

त्यानं सांगितलं. भिंतीकडं तोंड करून सांगितलं, पण सगळं सांगितलं.

वच्छला चौकटीला टेकलेली होती, ती सरळ झाली. इतके दिवस आपण ज्याच्यावर जळत होतो, ते नुसतं पांढरं पीठ होतं. आणि त्यातलं जे काही खरं होतं, ते कोंड्यातून, पेजेतून, सालाच्या डाळीतून आपल्याच ताटात येऊन पडत होतं. जळण्याचा सगळा खर्च फुकट गेला. तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

मंजुळाबाईंच्या आत मात्र काहीतरी मोडलं. आयुष्यात त्यांनी एकच गोष्ट ऐपतीबाहेर जाऊन केली होती, स्वतःच्या नातवंडांचं दूध तोडून केली होती, आणि ती विषासारखी निघाली. बाईमाणसानं अशा वेळी रडावं किंवा भांडावं. त्या दुसऱ्या जातीच्या होत्या.

"न्या तिला," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता न्या. मला नाही खाऊ घालता येत. सहावा असो की नववा असो. तुमच्याकडं भाकरी होते ना? मग न्या."

आता वास्तविक ताईबाईंनी उठायला हवं होतं. त्या ज्यासाठी आल्या होत्या, ते हातात आलं होतं. पण त्या उठल्या नाहीत. जळगावला दोन सुना होत्या त्यांनाही. त्या सुनांना त्यांनी सकाळीच निघताना सांगितलं होतं की प्रमिलाला तिकडं खायला नाही म्हणून आणतेय. तिला दूध लागेल, फळं लागतील, तुम्ही आपापल्या ताटातून काढा. धाकटी सून त्यावर काही बोलली नव्हती. फक्त भांडं जोरात आदळलं होतं. नानांची नोकरी सुटलेली, मुलांचे पगार त्यांच्या बायकांच्या हातात. तीन-चार महिने खाणारं एक तोंड, आणि मग बाळंतपण. जे इथं वच्छलानं मुकाट सोसलं, ते तिथं कुणी सोसेल असं ताईबाईंना वाटत नव्हतं.

"आता असं कसं," त्या म्हणाल्या. आवाज पार खाली आला होता. "तुम्ही म्हणाला तेही बरोबरच आहे. सहाव्यात नेलं तर लोक..."

"लोकांचं मघाशी काही नव्हतं तुम्हाला."

"मघाशी मला ठाऊक नव्हतं."

"मला तरी कुठं ठाऊक होतं?"

"ईनबाई, पोर तुमची. नांदायला दिलेली."

"जन्म कुणी दिला? न्या म्हणते ना. उद्या काही झालं तर तुम्ही पुन्हा याल, दाराशी उभं राहून पाण्याला नाही म्हणाल. माझ्या अंगावर नको ते."

"अन् माझ्या अंगावर?"

दोघी विहिणी, ज्या अर्ध्या तासापूर्वी एका पोरीसाठी ओढाताण करत होत्या, त्या आता तिला एकमेकींकडं ढकलत होत्या. आबा मध्ये काही बोलणार होते, पण त्यांना त्यात शिरायला फट सापडेना. नाना पुन्हा चपलांकडं पाहू लागले.

प्रमिला आतल्या खोलीत, दोरीवर टाकलेल्या लुगड्याच्या पलीकडं बसून सगळं ऐकत होती. सहा महिन्यांचं पोट, आणि त्याच्या वर बाकी सगळं वाळलेलं. लग्नाच्या आदल्या दिवशी आई म्हणाली होती, 'तिथं भाकरी मागू नको, मला खोटं पाडू नको.' तिनं मागितली नव्हती. शेजारच्या चुलीवर भाकरी भाजल्याचा वास येई, वर लसूण-मिरचीचा, आणि तिच्या पुढ्यात पांढरी, थंड, तुपानं मऊ झालेली पोळी. खायला बसली की वच्छलाअक्काची दोन पोरं समोर येऊन बसत. मागत नसत, त्यांना दम दिलेला होता. नुसती ताटाकडं बघत. त्या नजरेखाली एक पोळीही घशाखाली जात नव्हती. अर्धी त्यांच्या हातात ठेवायची, अर्धी खायची, आणि वर चहा पिऊन भूक मारायची. पोट भरलं का, असं सासूनं रोज विचारलं होतं. हो, असं तिनं रोज सांगितलं होतं. दोन घरांची अब्रू तिच्या एका ताटावर ठेवलेली, आणि ताट इतकं जड झालेलं की त्यातलं उचलता येत नव्हतं.

आता बाहेर तिला कुणी बोलावत नव्हतं. तिच्याविषयी सगळे बोलत होते.

ती लुगड्याच्या बाजूनं बाहेर आली.

तिला पाहून ताईबाईंच्या तोंडातून नुसता श्वास निघाला. निरोपातलं 'पांढरीफटक' फारसं वाढवलेलं नव्हतं. ओठ, नखं, पापण्यांच्या कडा, सगळं जणू पाण्यात ठेवल्यासारखं.

"चल बाई," नाना म्हणाले. "पिशवी भर. कुणी नाही म्हटलं तरी मी नेतो तुला. माझ्या वाटणीचं खा."

"कुठं जायचंय, तू सांग," रुपचंद म्हणाला. "तू म्हणशील तसं."

प्रमिलानं आईकडं पाहिलं नाही, सासूकडं पाहिलं नाही.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली.

या घरात सुनेच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलेलं नव्हतं. मंजुळाबाईंनी त्यांच्या सासूच्या राज्यात ते कधी उच्चारलं नव्हतं. वच्छलाही नाही. पुरुष 'वाढा' म्हणत, पोरं रडत, बायका सगळ्यांचं झाल्यावर भांड्याच्या तळाला काय उरलंय ते बघत. भूक लागलीय, असं तोंडानं म्हणायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं.

मंजुळाबाईंचा हात सवयीनं फडताळातल्या पांढऱ्या कणकेच्या डब्याकडं गेला. तिथंच थांबला.

"तो डबा राहू द्या, आत्याबाई," वच्छला म्हणाली. "आणि ती कुठं जाणार नाही. जळगावला नाही की कुठंच नाही. सातव्यात या रीतसर, ओटी भरून न्या. तोवर ती माझ्या ताटात जेवेल. तिचं वेगळं ताट बंद, वेगळी चूल बंद. पोळीला लागतो तो पैसा वाचेल, त्यातून पोरांचं दूध पुन्हा सुरू करा. त्यातलंच अर्धं तिला. कबूल असेल तर बोला, नाहीतर मी सुकदेव आल्यावर वेगळी राहते."

ती सासूला असं आजवर कधी बोलली नव्हती. उत्तराची वाटही तिनं पाहिली नाही. चुलीपाशी गेली, मघाशी अर्धकच्ची उतरवून ठेवलेली भाकरी आरावर उभी करून फुगवली, हातानं मोडून ताटात टाकली. पोकळ्याची भाजी, वर कच्च्या तेलाची धार, दाण्याची चटणी, मुठीनं फोडलेला कांदा. ताट जमिनीवर ठेवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"बस."

प्रमिला बसली. पहिला घास तिनं हळू घेतला. दुसरा हळू घेतला नाही.

आबा हात धुऊन आले होते. या घरात त्यांच्या आधी कुणी घास घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ते पाटाकडं निघाले, तशा मंजुळाबाई बोटानंच म्हणाल्या, थांबा. गिरणीत बावीस वर्षं भोंग्यावर जेवलेला माणूस. ते मुकाट्यानं भिंतीला टेकून उभे राहिले.

ताईबाई लेकीच्या हातांकडं बघत होत्या. भाकरीचा पापुद्रा उचलून त्याच्यात भाजी दाबायची, ही त्यांनीच शिकवलेली पद्धत. थोड्या वेळानं त्यांनी पदरानं तोंड झाकलं. रडत होत्या की काय, ते नानांनी शहाणपणानं पाहिलं नाही. मग त्या उठल्या, आणि वच्छलापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्या पोरांचं दूध..." त्या म्हणाल्या.

"असू द्या, मावशी. सातव्यात येताना केळी आणा फणीभर. जळगावात काय, पैशाला पासरी."

"घड आणतो," नाना म्हणाले. हा एक निर्णय त्यांनी बायकोला न विचारता घेतला.

"अक्का," प्रमिला खाली मान घालूनच म्हणाली, "अजून आहे?"

होती एक. ती वच्छलाची होती. बाकी सगळं अजून पिठात होतं, आणि पीठ पुरुषांपुरतंच मळलेलं. वच्छलानं ती भाकरी उचलली, प्रमिलाच्या बाजूला ठेवली, आणि मागं रेलून सासूकडं पाहिलं.

"माझ्यासाठी आता ती पांढरी टाका, आत्याबाई."

"काय?"

"ती वस्त्रगाळ. डबा भरलेला आहे, फेकून देणार थोडीच? मी खाते. तूप-साखर घालून, तशीच, जशी तिला देत होतात."

मंजुळाबाईंनी तिच्याकडं बघितलं. थोरली सून चेष्टा करतेय की सूड घेतेय, ते त्यांना ठरवता येईना. बहुतेक दोन्ही. त्यांनी डबा काढला, कणीक भिजवली, पोळी लाटली. बाहेर व्याही, भिंतीला नवरा, दारात मुलगा, आणि त्या या घरातली पहिलीच गरम पोळी थोरल्या सुनेच्या ताटात टाकत होत्या.

वच्छलानं तूप पसरू दिलं. साखर पसरू दिली. मोठा घास घेतला, डोळे मिटून चावला, सगळ्यांना तिच्या तोंडाकडं बघायला लावलं. मग दुसरा, तिसरा. पोळी संपली. बोटं चाटून झाली.

"मऊ आहे," ती म्हणाली. "गोडही आहे. पण पोट काही भरत नाही हिनं."

"मंग आतेलोंग काब्र बोलनी नही? इतके दिवस गप का होतीस?" मंजुळाबाई खेकसल्या.

वच्छलानं ताट पुढं सरकवलं.

"चाखली होती कुठं?"